टॅटूवरून हेअर रिमूव्हल लेझर चालतो का?

निळीशाई:
मनगट ते कोपर केस काढायचे आहेत. मधे ५ सेंमीचा काळा-लाल टॅटू, कोपराजवळ जुनं गोंदण. मशीन ८०८ नॅनोमीटरचं डायोड लेझर. पार्लरवाल्या म्हणतात, पॉवर कमी ठेवली की टॅटूवरूनही चालतं. खरं का?

त्वचाविभाग:
चालत नाही. हा लेझर गडद रंग हुडकतो. केसातलं मेलॅनिन (रंगद्रव्य) कोणतं नि शाईतला कार्बन कोणता, हे त्याला कळत नाही. पल्स, म्हणजे प्रकाशाचा एक झोत, मिलिसेकंदांची असते, तेवढ्या वेळात शाईची उष्णता आजूबाजूच्या त्वचेत उतरते. मग चटका, फोड, पुढे व्रण, आणि टॅटूही जागोजागी विटतो. पॉवर उतरवली तर केस जात नाहीत, शाई मात्र तापतेच. आयपीएलचंही (लेझरऐवजी तीव्र प्रकाशाचे झोत मारणारं मशीन) तेच. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचा लाँग पल्स (लांब झोताचा) एनडी-याग लेझर बरा म्हणतात तो मेलॅनिनपुरता. कार्बन तोही शोषतो. गोंदणात काजळीच असते, त्यामुळे त्याला सवलत नाही.

लेझरटेक:
शाईच्या कडेपासून निदान २ सेंमी जागा सोडायला सांगा. खूण पांढऱ्या पेन्सिलीनेच. काळ्या रेघेवर शॉट पडला तर रेघेखालीच भाजतं. गोंदणाच्या कडा वर्षांनुवर्षांत पसरतात, म्हणून खूण भरपूर उजेडात करायची. वर पांढरा कागद ठेवतात, पण जेलने भिजला की त्यातून प्रकाश आरपार जातो. तो हद्द दाखवायला ठीक, ढाल म्हणून नाही. हँडपीस (मशीनचा हातात धरायचा भाग) सरकवत मारायच्या मोडमध्ये हात हमखास घसरतो, तेव्हा कडेला एकेक शॉट. हँडपीसच्या टिपेला (टोकाला) चिकटलेले जळके केसही डाग पाडतात, ती मधूनमधून पुसायला हवी.

निळीशाई:
मग टॅटूवरचे केस? आणि चुकून शॉट लागलाच तर?

त्वचाविभाग:
रेझर सर्वांत सोपा. कायमचे हवे असतील तर इलेक्ट्रोलिसिस: सुईतून मुळाशी करंट जातो, प्रकाशाचा संबंध नाही, फक्त वेळखाऊ. टॅटूच काढायचा असेल तर मशीन वेगळं, नॅनोसेकंदांचं क्यू-स्विच्ड किंवा पिकोसेकंदांचं. त्यातही कायमस्वरूपी आयब्रो-लिपलाइनच्या शाईत आयर्न ऑक्साइड वा टायटॅनियम डायऑक्साइड असेल तर ती एका शॉटात काळी पडू शकते. आधी कोपऱ्यात टेस्ट शॉट घ्यायलाच हवा.

शॉट लागला तर लगेच २० मिनिटं गार वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. फोड फोडू नका, त्याच दिवशी त्वचातज्ज्ञांना दाखवा.