आरेतला पाडा, वनहक्काचा दावा आणि नवा वन कायदा: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही वारली, घर आरेतल्या एका पाड्यावर. दूध वसाहत १९४९ ची. माझे पणजोबा त्याच्याही आधी इथेच होते, असं आई सांगते. कागद विचाराल तर जुनं रेशनकार्ड, आजीचं मतदार ओळखपत्र आणि चार पावत्या. त्यातल्या एकीवर शिक्का तेवढा वाचता येतो, बाकी शाई उडालीय.

गेल्या महिन्यात मोजणीला दोघे आले. अळवाच्या वाफ्यात पाय देऊन भिंतीवर लाल नंबर टाकला आणि पुनर्वसनाच्या संमतीचा छापील अर्ज आईपुढे धरला. वर म्हणे, 'नवीन वन कायदा आलाय, आता दावेबिवे बाद.' आई म्हणाली, मुलगी कामावरून येऊ दे, मग बघू. मी पोचेपर्यंत ते निघून गेले होते. अर्ज ठेवून गेले नाहीत, याचीच जास्त धास्ती वाटते.

मी वाचलं ते असं: १९८० चा वन संवर्धन कायदा २०२३ मध्ये बदलला, १ डिसेंबर २०२३ पासून लागू, नावही बदललं. त्यात २५ ऑक्टोबर १९८० किंवा त्यानंतर सरकारदप्तरी वन म्हणून नोंद आहे का, ते बघतात. आमची जमीन तेव्हा दुग्धविकास खात्याची. ८१२ एकर राखीव वनात गेली ती अगदी आत्ता, २०२१ च्या सुमारास. मग २००६ च्या वनहक्क कायद्यातली १३ डिसेंबर २००५ ही तारीख (त्याआधीपासून वनजमिनीवर ताबा हवा) आम्हाला लागते का? तेव्हा ती 'वनजमीन' होती कुठे? आणि दावा ग्रामसभेपुढे ठेवायचा, तर मुंबईत ग्रामसभा आणायची कुठून? आईने सही करावी का, हे कुणी अनुभवी सांगेल का?

सातबारा
ताई, सही नको. दावा बाद झाला, हे धादांत खोटं. २०२३ च्या दुरुस्तीने वनहक्क कायद्याला हात लावलेला नाही. त्याचं कलम ४(५) छापून जवळ ठेवा: दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनात राहणाऱ्या आदिवासीला उठवता येत नाही. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की राज्यांनी तूर्त १९९६ च्या गोदावर्मन निकालातला, म्हणजे शब्दकोशातला, वनाचा अर्थ धरायचा. झाडं असलेली जमीन नोंद नसली तरी वन ठरू शकते, आणि वनहक्क कायद्यातही 'मानीव वन', म्हणजे वन मानलेली जमीन, येतं. तुमच्या २००५ च्या अडचणीला वकील हाच धागा धरेल. लगेच मान्य होईल, असं मात्र नाही.

कोळसुंदा
वरच्यांशी सहमत, पण एकाच दारावर बसू नका. राखीव वन एका दिवसात होत नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात आधी कलम ४ ची अधिसूचना, मग कलम ६ चा जाहीरनामा आणि दाव्यांसाठी किमान तीन महिने, शेवटी कलम २० ची राखीव वनाची घोषणा. तुमच्या सर्व्हे नंबरची कलम २० ची अधिसूचना निघालीय का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. निघाली नसेल तर वन जमाबंदी अधिकाऱ्याकडेही (हे दावे तपासतो तो) अर्ज टाका.
आदिवासींना ७५ वर्षांचा पुरावा लागत नाही, ती अट इतरांना. पुरावे मात्र एकाहून जास्त हवेत: रेशनकार्ड, विहीर, पूर्वजांच्या समाध्या, आणि दावेदार नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब. हा जबाब आधी घ्या. माणसं थांबत नाहीत हो. ग्रामसभेचं म्हणाल तर पाड्याची सभा भरवा, इतिवृत्त लिहा आणि प्रांताला लेखी विचारा, की दावा कोणत्या सभेपुढे घेणार. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मूळ धागा लिहिणारी
खूप आभार दोघांचे. समाध्यांचं सुचलंच नव्हतं. आमच्या चिंचेखाली तीन आहेत. शेजारची आजी नव्वदीतली आहे, दावेदार नाही. रविवारी वही घेऊन तिच्याकडे बसते. जबाबावर तिचा अंगठा चालेल ना, की साक्षीदारही लागतो?