मेश रेखीव, पण टेक्श्चर धूसर: मदत हवी आहे

बोरिवलीच्या एकसर गावातल्या वीरगळांपैकी (वीरांच्या स्मृतिशिळा) नौकायुद्धाच्या एकाचं फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल करतोय. मेश (मॉडेलचा त्रिकोणांच्या जाळीतला आकार) सुरेख आलाय, वल्ही एकेक मोजता येतात. त्यावर टेक्श्चर (फोटोंतून बनलेलं रंगचित्र) चढवलं की तीच वल्ही बोटाने पुसल्यासारखी दिसतात. मूळ फोटोत दगडाचे बारीक खड्डेसुद्धा स्वच्छ आहेत, म्हणून जास्तच जीव तुटतो.

फोटो २१०, २४ मेगापिक्सेल, एफ/८, आयएसओ १००, ट्रायपॉडवर, ढगाळ सकाळी. रॉ फाइल्स, व्हाइट बॅलन्स सगळ्यांना एकच. सॉफ्टवेअर मेशरूम. टेक्श्चर ८१९२ पिक्सेल ठेवून डाउनस्केल (लहान करण्याचं प्रमाण) २ वरून १ केलं, हललेले फोटो काढले, फरक जेमतेम. मेश २० लाख त्रिकोणांचा असल्याने अनरॅप (टेक्श्चरसाठी मेश सपाट उलगडणं) बेसिक पद्धतीचंच आहे. रॅम १६ जीबी. दगडावर पाणी किंवा पावडर मारणार नाही, त्यामुळे तो उपाय नको.

माझा संशय लांबून काढलेल्या ४० फोटोंवर आहे. जवळच्या फोटोंत ते मिसळत असावेत. ते फक्त अलाइनमेंटला (कॅमेऱ्याच्या जागा ठरवायला) वापरून टेक्श्चरिंगमधून वगळता येतात का? आणि मेश ६ लाखांच्या खाली आणून एलएससीएम या दुसऱ्या पद्धतीने अनरॅप केलं, तर वल्ह्यांच्या कडा टिकतील का?