बरगडीचं जुनं दुखणं: चिनी उपचारांचा कुणाला अनुभव?

निवांतक्षण:
आठ महिने झाले. डाव्या बाजूची चौथी-पाचवी बरगडी छातीच्या मधल्या हाडाला मिळते तिथे दुखतं. बोटाने दाबलं की जागा नेमकी सापडते. शिंक येतेय असं वाटलं की आधी छाती धरायची, मग शिंकायचं. ईसीजी, एक्स-रे व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले कॉस्टोकॉन्ड्रायटिस, बरगडीच्या कूर्चेचं दुखणं, वेळ लागेल. गोळ्यांनी पित्त खवळलं, बाकी फरक शून्य. आता मैत्रीण चिनी उपचारांच्या मागे लागलीय. सुया, कपिंग की काढे, सुरुवात कशाने करू?

अर्धाकप:
मी सुया घेतल्यात. माझं उजवीकडे, खालच्या बरगड्यांना होतं. पहिली सुई टोचली ती पायात! गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, खाली हाडाचा उंचवटा लागतो त्याच्या जरा पुढे. त्या बिंदूला यांगलिंगछुआन म्हणतात. दुसरी मनगटाच्या मागच्या बाजूने चार बोटं वर. त्यांच्या हिशेबात 'छी' म्हणजे शरीरातली प्राणशक्ती ठरलेल्या वाहिन्यांतून वाहते आणि पित्ताशयाची वाहिनी कुशीतून पायापर्यंत उतरते, म्हणून दुखणं वर आणि सुई खाली. टोचताना फारसं कळत नाही, मग जागा जड होते, आंबल्यासारखी.

त्याआधी अर्धा तास प्रश्नच. दुखणं फिरतं की एकाच जागी? चिडलात की वाढतं? सुस्कारा टाकल्यावर हलकं वाटतं? मग जीभ, दोन्ही हातांची नाडी. फिरतं आणि रागाने वाढतं, तर यकृताची 'छी' अडलीय. एकाच जागी भोसकल्यासारखं, रात्री जास्त, तर रक्त साकळलंय. हे यकृत म्हणजे रक्ततपासणीत येतं ते नव्हे, उगाच घाबरू नका (मी घाबरले होते).

चौथ्या वेळेनंतर कूस बदलताना जाग येणं थांबलं. पण त्याच सुमारास मी कॉम्प्युटरची खुर्चीही बदलली होती, तेव्हा श्रेय कुणाला ते देव जाणे.

हाडवैरी:
फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं कडू बोलतो. पाठ, मान, गुडघा यांच्या जुन्या दुखण्यांवर सुयांचे बरेच अभ्यास झालेत. खोट्या सुयांच्या (म्हणजे तुलनेसाठी टोचल्याचं नुसतं नाटक) तुलनेत फायदा दिसतो, पण लहान. तुमच्या दुखण्यासाठी पुरावा तोकडाच आहे. घ्यायच्या तर घ्या, पण बरगड्यांवरची सुई आडवी आणि उथळच हवी. तिथे कातडीपासून फुफ्फुस फार लांब नसतं. सुई खोल गेली तर छातीत हवा शिरून फुफ्फुस आक्रसतं. क्वचित होतं, पण होतं. सुयांनंतर काही तासांनी जरी दम लागला, श्वासागणिक कळ आली, तर घरी शेकत बसू नका, थेट इस्पितळ गाठा.

कपिंग म्हणजे आपली तुंबडीच. काळेनिळे गोल डाग आठवडाभर राहतात. दुखऱ्या कूर्चेवर ती ओढ कशाला?

काढ्यांबाबत तर ठाम नाही म्हणेन, निदान आत्ता. 'छी' अडली की छायहू शूगान सान देतात, रक्त साकळलं की श्वेफू झूयू थांग. हा दुसरा काढा चिनी वैद्य वांग छिंगरन यांच्या 1830 च्या ग्रंथातला. दोन्हींत सात-आठ किंवा जास्त वनस्पती असतात. रक्त पातळ करायचं वॉरफरिन चालू असेल आणि काढ्यात दानशेन ही चिनी वनस्पती असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. बेल्जियममध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी भलतीच आली आणि कित्येकांची मूत्रपिंडं गेली. 'नैसर्गिक' वाचून भुलू नका.

पाऊलखुण:
कातडीची आग होते का? पट्ट्यासारखी? माझ्या काकूंना बरगडीचं दुखणं म्हणून शेक देत होतो, तिसऱ्या दिवशी फोड आले. नागीण!

निवांतक्षण:
नाही हो, आग नाही, फोडही नाहीत. रक्त पातळ करायचं औषधही घेत नाही. काढा आणि तुंबडी रद्द. आत्ताच सुयावाल्या बाईंना फोन करून विचारलं, छातीवर किती खोल टोचता? म्हणाल्या, पहिल्या दोन वेळा छातीला हातच लावणार नाही, पाय आणि मनगट बस. शनिवारची वेळ घेतलीय. अर्धाकप, त्या खुर्चीचं जरा सविस्तर सांगा ना.