मदत हवी आहे: पिनहोल कॅमेऱ्यात काहीच दिसत नाही, परवा प्रदर्शन आहे

एकशिक्षकी
तातडीचं आहे. पिनहोल कॅमेरा केलाय, म्हणजे बंद खोक्याला एका टोकाला बारीक भोक आणि दुसऱ्या टोकाला पडदा, त्यावर बाहेरचं दृश्य उलटं पडतं. सांगतात तसाच केलाय. काही दिसत नाही. तीन खोके झाले, तिन्हींत तेच. परवा शाळेत विज्ञान-कला प्रदर्शन आहे आणि उलटं झाड बघून मुलं चित्र काढणार, असं मी सगळ्यांना सांगून बसलेय. काय चुकतंय? व्हिडिओची लिंक देऊ नका, इथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते.

चौकस
"काहीच नाही" म्हणजे काळोख, की नुसता पांढुरका उजेड? भोक केवढं? पडदा कशाचा?

एकशिक्षकी
भोक टाचणीचं, पडदा कागदाचा, खोका नेहमीचा.

चौकस
नेहमीचा म्हणजे? फ्रिजचा पण खोकाच असतो.

निळाई
ताई, पिनहोल सोडा, सायनोटाइप करा, म्हणजे उन्हाने कागदावर उमटणारे निळे छाप! विज्ञान आणि कला एकाच कागदावर. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइडची द्रावणं मिसळून कागदाला लावायची, अंधारात वाळवायचं, वर पान-फूल ठेवून उन्हात धरायचं, मग साध्या पाण्यात धुवायचं. गडद निळ्यावर पांढरं पान! जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1842 मध्ये ही पद्धत शोधली आणि अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या वनस्पती-अभ्यासक बाईंनी 1843 पासून शेवाळांच्या अशाच छापांचं पुस्तक काढलं. मुलं वेडी होतात.

सावधान
सायनाइड?? लहान मुलांच्या हातात?

निळाई
फेरिसायनाइड म्हणजे सायनाइड नव्हे. त्यातला सायनाइड लोहाला घट्ट बांधलेला असतो. तीव्र आम्लाजवळ किंवा आचेजवळ न्यायचं नाही, हातमोजे घालायचे, द्रावण मोठ्यांनी लावायचं. एवढं पाळलं की झालं.

एकशिक्षकी
ही रसायनं परवापर्यंत आकाशातून पडणार का? प्रश्न पिनहोलचा आहे.

दुर्बीणवाला
टाचणी आरपार घातलीत का? तिथेच घोटाळा. पुठ्ठ्याला मोठा चौकोन कापा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख ताणून चिकटवा आणि सुईचं फक्त टोक टेकवा. पडदा 15 सें.मी. दूर असेल तर भोक साधारण अर्धा मि.मी. हवं. मोठं झालं तर प्रतिमा पसरट, फार बारीक झालं तर अंधूक, आणि त्याहून बारीक केलं तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे, पुन्हा पसरट.

चौकस
पण भोक मोठं असलं तरी पसरट का होईना, काहीतरी दिसेल. यांना काहीच दिसत नाहीये. एकशिक्षकी, पडद्याचा कागद नक्की कुठला?

निवांत
फोल्डस्कोप घ्या की. कागदी सूक्ष्मदर्शक, मनू प्रकाश यांच्या गटाचा. 140 पट मोठं दिसतं. पिनहोल काय, जुनं झालं.

चौकस
सूक्ष्मदर्शकातून झाड बघायचं का?

माजी_मास्तर
स्पष्ट बोलतो. चार वर्ग एका बाईंकडे असताना कलेचं खूळ कशाला? आधी विज्ञान पक्कं करा. दोन्ही दगडांवर पाय ठेवला की दोन्ही बुडतं.

निळाई
सर, उलटं झाड गिरवताना मूल दूरचं झाड लहान का, हे स्वतः विचारतं. आता हे विज्ञान की चित्रकला, तुम्हीच ठरवा. आणि चार वर्ग एकत्र असले तर उलट सोयीचं. धाकट्यांनी गिरवायचं, थोरल्यांनी मोजायचं.

दुर्बीणवाला
सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीरसुद्धा अशाच काळ्या पेटीतून चित्रं रंगवायचा.

चौकस
ते सिद्ध झालेलं नाही. अभ्यासकांत अजून वाद आहे.

दुर्बीणवाला
वाद आहे म्हणजे शक्य आहे.

एकशिक्षकी
तुमचं चालू द्या. कागद ड्रॉइंगच्या वहीचा आहे. चित्र काढायचंय तर दुसरा कुठला वापरणार?

चौकस
सापडलं! ताई, तो जाड कागद आहे. प्रतिमा पडते आतल्या बाजूला आणि तुम्ही बघताय मागून. उजेड आरपार यायला हवा ना.

एकशिक्षकी
अरे देवा. पण ट्रेसिंग पेपर नाहीये इथे.

दुर्बीणवाला
पातळ पांढऱ्या कागदाला तेलाचा बोळा फिरवा, जादाचं पुसून घ्या. तंतूंमधल्या हवेची जागा तेल घेतं, उजेड कमी विखुरतो आणि कागद अर्धपारदर्शक होतो. शिवाय पडद्यामागे डोक्यावरून काळं कापड घ्या, नाहीतर बाहेरच्या उजेडात सगळं धुऊन जाईल. आधी अंधाऱ्या खोलीत मेणबत्तीवर तपासा. ज्योत उलटी दिसली की झाड दिसणारच. आणि मुलांना बजावून ठेवा, भोकातून सूर्याकडे बघायचं नाही.

सावधान
मेणबत्ती आणि तेलकट कागद एकत्र?

दुर्बीणवाला
मेणबत्ती भोकाबाहेर, हातभर लांब. कागद खोक्याच्या दुसऱ्या टोकाला.

माजी_मास्तर
हे प्रशिक्षणात शिकवत नाहीत का?

एकशिक्षकी
शिकवलं ना, स्लाइडवर. आम्ही पन्नासेक जण, कॅमेरा एकच आणि तोही पुढच्या टेबलावर. माझी जागा मागे. दोन बस बदलून पोचेपर्यंत पुढच्या खुर्च्या भरतात. खोका हातात आलाच नाही. आकृतीत "पडदा" एवढंच लिहिलं होतं, तेच वहीत उतरवून आणलं.

माजी_मास्तर
हं. आमच्या वेळी तर स्लाइडही नव्हती. माझा वरचा प्रतिसाद जरा कडक झाला.

एकशिक्षकी
(दुसऱ्या दिवशी, टेकडीवरून) ज्योत दिसली! उलटी! तिसरीतल्या एकीने खोकाच उलटा धरून बघितला, तरी ज्योत उलटीच. आता सगळे भांडताहेत की का. झाड अजून फिकट दिसतंय, पडदा भोकाकडे सरकवला की उजळतं पण छोटं होतं. तेलकट कागदावर पेन्सिल उठत नाही, खडू चालेल का?

निळाई
तेलखडू घ्या. किंवा कोरड्या बाजूने

चौकस
तेल आरपार जातं हो, कोरडी बाजू कुठली? मार्कर वापरा.

निवांत
फोल्डस्कोपचं काय ठरलं?