घरचा कॉम्प्युटर रिसेट केला तेव्हा : खान्देशातले अनुभव

दिवाळीला पुण्याहून कोणाचा भाचा गावी आला की चहा पिऊन होत नाही तोवर मामा म्हणतात, "भाऊ, आपला कॉम्प्युटर बघ ना जरा, लई हँग होतो." मग थोडं इकडेतिकडे क्लिक करून भाचा सांगतो, व्हायरस आहे, फॉर्मॅट मारू. अशा रिसेटला, म्हणजे विंडोज पुसून नव्याने टाकायला, माझा विरोध नाही, बऱ्याचदा तोच खरा उपाय असतो. पण रिसेटने साफ होते ती विंडोज. तिच्या आजूबाजूचं तसंच राहतं, आणि घरोघरी लोक नेमके तिथेच अडकतात. म्हणून तुमचा अनुभव सांगा. विंडोज कुठली होती, पर्याय कोणता निवडला, काय वाचलं आणि काय परत आलं, तेही लिहा.

जळगाव (सुरुवात माझ्यापासून)
वडिलांचा डेस्कटॉप, विंडोज १०. काहीही शोधलं की भलतंच सर्च पान उघडायचं. सेटिंग्जमध्ये रिकव्हरी, तिथे 'रिसेट धिस पीसी', मग 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि 'क्लाउड डाउनलोड' निवडलं. क्लाउडचा हा पर्याय २०२० पासून आलाय. तो मायक्रोसॉफ्टकडून विंडोजची ताजी प्रत आणतो, सुमारे ४ जीबी डेटा लागतो. 'लोकल' निवडलं की मशीनवर आधीच असलेल्या फाइल्समधूनच विंडोज पुन्हा उभी राहते. त्याच फाइल्सवर आमचा भरवसा उरला नव्हता.

सगळं नवंकोरं झालं. वडिलांनी क्रोममध्ये लॉगिन केलं आणि तेच भलतं पान पुन्हा हजर! एक कूपनचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) होतं, ते गुगल खात्याच्या सिंकमधून परत आलं होतं. ते काढल्यावर त्रास थांबला. म्हणजे आधी एक्स्टेन्शन काढा, मग रिसेटचा विचार करा.

भुसावळ
आमच्याकडे शॉर्टकट व्हायरस. पेनड्राइव्ह लावला की सगळे फोल्डर बाण असलेले दिसायचे, साइज एकेक केबी. दुकानदाराने विंडोज टाकून दिली, पण डी ड्राइव्हला हात लावला नाही. गाणी, फोटो, पोराची प्रोजेक्टं सगळी डी वर. घरी आणून डी मधला बाणवाला फोल्डर उघडला आणि पुन्हा तेच. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा : विंडोजचा रिसेटसुद्धा, वेगळं सांगितलं नाही तर, फक्त विंडोजचा ड्राइव्ह पुसतो.

शेवटी शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराने केलं ते असं. डिफेंडरचा (विंडोजच्याच अँटीव्हायरसचा) ऑफलाइन स्कॅन लावला, तो मशीन बंद-चालू करून विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासतो. मग डी आणि घरातले सगळे पेनड्राइव्ह एकेक करून स्कॅन केले, बाणवाल्या फाइल्स उडवल्या. खरे फोल्डर लपवलेले होते, गेलेले नव्हते. कमांड प्रॉम्प्टमध्ये, लपवलेलं दाखवणाऱ्या ॲट्रिब कमांडपुढे वजा एच, वजा आर, वजा एस, मग स्लॅश एस, स्लॅश डी दिल्यावर एकेक करून दिसायला लागले. लग्नाचा अल्बम वर आला तेव्हा मिसेसच्या डोळ्यात पाणी होतं.

सावदा
आमचा केळीचा व्यवसाय. कोणाच्या बागेतून किती माल कापला, गाडी कुठे गेली, कोणाचे किती द्यायचे, सगळं टॅलीत. व्हायरस आल्यावर एकाने सांगितलं, 'कीप माय फाइल्स' करा, काही जात नाही. माझ्या पुतणीने अडवलं. ती म्हणाली, "काका, त्याने डॉक्युमेंट्स न् फोटो राहतील. टाकलेले प्रोग्राम जातात, आणि आपला डेटा टॅलीच्याच फोल्डरात आहे." तिने टॅलीतूनच बॅकअप घेतला, तो पेनड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपवर नेऊन तपासला, रिस्टोअर करून शेवटची नोंद माझ्याकडून वाचून घेतली, आणि मगच रिसेटचं बटण दाबलं. बॅकअप घेतात सगळेच. तो उघडून बघणं हे खरं काम, आणि ते तिने केलं. शेतकऱ्यांचे पैसे त्यात अडकलेले असतात हो.

अमळनेर
प्रत्येक वेळी रिसेटची गरज नसते. आईच्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस' असं सारखं यायचं. ती ब्राउझरची नोटिफिकेशन्स होती, कुठल्यातरी साइटला 'अलाऊ' दिलेलं. परवानगी काढली, विषय संपला. आधी एवढं बघा.

शिरपूर
आमचं दुःख मोठं आहे. फोटोंच्या नावापुढे चार विचित्र अक्षरं लागली आणि प्रत्येक फोल्डरात एक चिठ्ठी : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिले तर निम्मे. हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, फुकटच्या क्रॅक सॉफ्टवेअरमधून येतो. आई म्हणाली, "फोटो गयात का रे भाऊ?" मला उत्तर देता येईना.

रिसेटने व्हायरस गेला, फोटो मात्र उघडत नाहीत. कुलूप फाइलला लागलेलं असतं, विंडोज बदलून ते निघत नाही. पैसे भरले नाहीत. एम्सिसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीचं याच्यासाठी मोफत टूल २०१९ पासून आहे, पण ज्या फाइल्सना ऑफलाइन किल्ली (व्हायरसला नेट मिळालं नाही तेव्हा तो वापरतो ती) वापरली गेली त्यातल्याच काही उघडतात. आमच्या उघडल्या नाहीत. म्हणून पुसण्याआधी त्या सगळ्या फाइल्स चिठ्ठीसकट वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवल्यात, पुढेमागे किल्ली मिळाली तर. ताईच्या हळदीचे काही फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर सापडले. तुमच्याकडे असं झालं तर घाईने सगळं पुसू नका, एवढी कळकळीची विनंती.

चाळीसगाव
रिसेट अर्ध्यात आणि लाईट गेली. मशीन सुरूच होईना. दुसऱ्याच्या चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज घेतली आणि पहिल्यापासून टाकली. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टर असल्याशिवाय सुरू करू नका.

धुळे
मी शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करते. रिसेटनंतर फाइल्स शाबूत, पण उघडल्यावर मराठीऐवजी नुसती चिन्हं. जुन्या फाइल्स कृतिदेवमध्ये होत्या आणि तो फॉन्ट विंडोजसोबत येत नाही. सी मध्ये विंडोज, त्यात फॉन्ट्स, तिथून आपले फॉन्ट आधी बाजूला काढून ठेवावेत.

नंदुरबार
मशीन साफ झालं तरी चोरलेले पासवर्ड चोरांकडेच असतात. भावाचं इन्स्टा रिसेटनंतर गेलं. आम्ही मोबाइलवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदलला, मग सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट केलं, मग बाकीचे. बँकेतून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावा, आधी तो, मग कॉम्प्युटर.

यावल
एक मुद्दा राहिला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रिसेट करून तीच विंडोज परत आली तर पुढचे सुरक्षा अपडेट आपोआप येत नाहीत. जादा अपडेटची योजना आहे, त्यात नाव नोंदवावं लागतं आणि घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. आमचं मशीन जुनं, विंडोज ११ घेत नाही. आबांना बातम्या आणि भजनं एवढंच लागतं, म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाकली. सातबारा उतारा काढायची साइट त्यावरही चालते.