लघुपटाच्या पार्श्वसंगीतात एकाच सीनवर अडकलोय, सल्ला हवा (बजेट ६ हजार)

रिकामी_मात्रा
मंडळी, २२ मिनिटांचा मराठी लघुपट आहे. पिक्चर लॉक झालंय (एडिट पक्कं, आता कापाकापी नाही). ९ क्यू (सीनसाठीचे संगीताचे तुकडे) ठरले होते, ८ झाले. नवव्यावर गाडी रुतलीय. काहीही वाजवलं तरी एकतर टेम्पची (एडिटमध्ये तात्पुरत्या लावलेल्या संगीताची) नक्कल वाटते, नाहीतर आधीच्या आठांतलाच एखादा क्यू.

सीन असा: लालबागच्या चाळीतली खोली रिकामी होतेय. लांबी २ मिनिटं १० सेकंद, सेकंदाला २५ फ्रेम. बाई भिंतीवरचं घड्याळ उतरवते २२ सेकंद १० फ्रेमवर. ४१ ते ५२ सेकंदांत तिची दोन वाक्यं. १ मिनिट १८ सेकंद ७ फ्रेमला दाराला कुलूप, मग जिना. दिग्दर्शकाने टेम्पला पियानो आणि व्हायोलिन्स लावलेत आणि आता तो त्यांच्या प्रेमात आहे. पूर्ण लघुपट पांढरी ५ (जी) मध्ये, खाली खर्जाचा ड्रोन (सतत धरलेला स्वर).

मिक्सला ९ दिवस. खिशात ६ हजार. नवीन सॅम्पल लायब्ररी (रेकॉर्ड केलेल्या वाद्यस्वरांचा संच) घ्यावी, वादक बोलवावा, की आणखी काही?

स्ट्रिंग_सम्राट
स्पष्ट सांगतो, सहा हजारांत काही होत नाही. थोडं ताणा आणि ४० हजारांच्या आसपासची चांगली स्ट्रिंग लायब्ररी घ्या. माझ्याकडे आहे. क्लोज आणि रूम माइक वेगवेगळे मिळतात, लेगॅटो (एकमेकांना जोडलेले स्वर) खरा वाटतो. त्यासाठी वेगळी एसएसडी आणि ३२ जीबी रॅम लागेल, ती धरून चाला. आवाज चांगला असला की सुचतंच.

चौकट_पंचवीस
सहा हजार लिहिलंय हो त्यांनी, वाचलंत का? रॅमसकट लाखाच्या घरात नेलंत.

धागाकर्ते, पहिलं काम: एडिटरकडून फाइल परत मागवा. संवाद डाव्या चॅनलला, टेम्प उजव्या चॅनलला, वर टाइमकोड छापलेला. उजवा चॅनल म्यूट करा आणि मिक्सपर्यंत उघडू नका. फाइल एच२६४ असेल तर मागे-पुढे सरकवताना चित्र अडखळतं, फ्रेमवर नेमकं थांबता येत नाही. प्रोरेस प्रॉक्सी (एडिटिंगसाठीचा फाइल-प्रकार) मागा. जड असते, पण जागच्या जागी थांबते.

दुसरं काम गणिताचं. ७५ चा टेम्पो धरा. एक मात्रा ०.८ सेकंद, म्हणजे बरोबर २० फ्रेम. चारचा एक बार ३.२ सेकंद. तुमचं घड्याळ २२ सेकंद १० फ्रेमवर आहे, म्हणजे २२.४. बरोबर ७ बार संपतात आणि आठव्याची सम त्या फ्रेमवर येते. कुलूप ९८ मात्रा संपताना, २५ व्या बारच्या तिसऱ्या मात्रेवर, म्हणजे चित्रानंतर ३ फ्रेम. ठोका चित्रानंतर दोन-तीन फ्रेम आला तर चालतो. आधी आला की खोटा वाटतो. चौकट आधी आखली की 'काय वाजवू' हा प्रश्न बराच लहान होतो.

मंद्र_पंचम
७५ चांगलं, पण रिकामी खोली क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) का बसवायची? मुक्त लय ठेवा, घड्याळापाशी फक्त एक स्वर बदला.

चौकट_पंचवीस
मुक्त लय ऐकू येते ती सुरांत. खाली ग्रिड असलीच पाहिजे. नाहीतर दिग्दर्शकाने उद्या १२ फ्रेम कापल्या की सगळं हाताने सरकवत बसा.

मंद्र_पंचम
पिक्चर लॉक आहे म्हणालेत ते.

चौकट_पंचवीस
मराठी लघुपटाचं पिक्चर लॉक आणि मुंबईचा पाऊस, दोन्ही कधी थांबतील सांगता येत नाही.

कोथरूडची_काकू
पियानो-व्हायोलिन कशाला हवंय चाळीला? शिवरंजनी घ्या. दोन मिनिटांत सगळे रडतात.

तारषड्ज
काकू, म्हणूनच नको. कोमल गंधार ऐकला की प्रेक्षकाला कळतं, आता रडायचंय. त्यापेक्षा मारवा. पंचम वर्ज्य, त्यामुळे सूर टेकायला जागा मिळत नाही. तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादावर लावा. रे कोमल, ध शुद्ध, आणि षड्जावर जितकं कमी याल तितकं बरं. घर सुटण्याला याहून नेमकं काय हवं?

कोथरूडची_काकू
मारवा संध्याकाळचा. सीन कधीचा आहे ते विचारलंत का?

तारषड्ज
सिनेमाला घड्याळ नसतं.

चौकट_पंचवीस
या सीनला आहे. २२ सेकंद १० फ्रेमवर.

स्वरपेटी_दुरुस्ती
रागाच्या भांडणात कामाची गोष्ट राहून जाईल. 'आधीच्या आठांसारखंच होतं' असं लिहिलंय, म्हणजे थीम तयार आहे, नवीन धून शोधायची गरजच नाही. आधीची मुख्य धून पाच सुरांची असेल तर मूर्छना करून बघा. स्वर तेच ठेवायचे, खालचा ड्रोन हलवायचा.

भूपाचे सा रे ग प ध घ्या. ड्रोन रिषभावर नेला की मेघ किंवा मधमाद सारंगाचे स्वर मिळतात. गंधारावर नेला की मालकंसाचे. पंचमावर दुर्गा, धैवतावर धानी. वरची धून एक स्वरही न बदलता पाच वेगळ्या खोल्यांत फिरते. प्रेक्षकाला धून ओळखीची वाटते आणि काहीतरी हललंय हेही कळतं. या सीनसाठी गंधार बघा. घड्याळ उतरेपर्यंत जुना ड्रोन, २२.४ ला तो काढून घ्यायचा, दोन बार खाली काहीच नाही, मग गंधार. चुकतं कुठे, तर लोक ड्रोन एकदम कापतात. जुना तीन-चार सेकंदांत विरू द्या, नवाही तसाच हळूहळू आणा; दोन्ही ड्रोन एकाच वेळी पूर्ण आवाजात नकोत, नाहीतर तिसरंच काहीतरी ऐकू येतं.

मंद्र_पंचम
+१. हेच लिहिणार होतो.

स्ट्रिंग_सम्राट
हे सगळं चांगल्या चेलोवर अजून छान वाटेल.

निवांत_नाना
जरा फिरून या. दोन दिवस ऐकू नका. सुचेल आपोआप.

फेडर_खाली
नाना, ९ दिवस आहेत, त्यातले दोन चालण्यात घालवायचे?

हात चालता करायला हे करून बघा. २० मिनिटांचा अलार्म. एक वाद्य, तीन स्वर, आठ बार. चित्र बंद. संपलं की सेव्ह करून बंद करायचं, पुन्हा ऐकायचं नाही. असे पाच. रिव्हर्ब लावायचा नाही, क्वांटाइझ (स्वर आपोआप मात्रेवर सरकवणं) नाही, साउंड शोधत बसायचं नाही. वेळ खातं ते आवाज निवडणं, धून लिहिणं नव्हे. दुसऱ्या दिवशी पाचही एकामागून एक सीनखाली टाका. सुरुवात एकदा शून्यावर, एकदा घड्याळावर, एकदा कुलपावर. वाईट स्केच उशिरा सुरू केलं की अनेकदा चांगलं निघतं. मुळात क्यू शून्यापासून सुरू व्हायला हवा हे कोणी ठरवलं? टेम्पने. एडिटर टेम्प कटवर लावतो कारण ते सोयीचं असतं. संगीत पात्राच्या निर्णयावर सुरू करायचं असतं, आणि तुमच्या सीनमध्ये निर्णय म्हणजे घड्याळ.

चिठ्ठी_टाका
संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी १९७५ मध्ये यासाठीच पत्ते छापले होते, 'ऑब्लिक स्ट्रॅटेजीज'. अडलं की एक पत्ता ओढायचा आणि त्यावर लिहिलेलं करायचं.

कोथरूडची_काकू
म्हणजे पोपटवाल्या ज्योतिषासारखं.

दादरचा_ठेका
एवढा काथ्याकूट कशाला? रविशंकरांनी 'पथेर पांचाली'चं संगीत एका बैठकीत केलं. रात्रभरात.

तारषड्ज
अवांतर, पण अर्धंच सांगितलंत. काही जागा राहिल्या होत्या आणि तिथली सतार छायाचित्रकार सुब्रत मित्रांनी वाजवली. रविशंकरांनाही एका रात्रीत सगळं पुरलं नव्हतं, धागाकर्त्यांना तरी ९ दिवस आहेत.

दादरचा_ठेका
मग टेम्पच ठेवा. कुब्रिकने १९६८ मध्ये '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी तेच केलं. अॅलेक्स नॉर्थचं रेकॉर्ड झालेलं संगीत बाजूला ठेवलं आणि तात्पुरतं लावलेलं शास्त्रीय कायम केलं.

फेडर_खाली
आणि हक्क? सहा हजारांत पियानो आणि व्हायोलिन्सचे हक्क कोण देतो? महोत्सवाला पाठवताना फॉर्मवर सही मागतात, तेव्हा कळेल.

टेम्पचा उपयोग करायचाच असेल तर एकदा ऐकून चार गोष्टी कागदावर लिहा: वेग, कुठे आत येतो, किती वाद्यं, कुठल्या सप्तकात. एक ठेवा, तीन बदला. दिग्दर्शकांना बहुतेकदा वेग आणि प्रवेशाची जागा आवडलेली असते, पियानो नव्हे. त्यांना 'पियानो का आवडला' विचारू नका, 'कुठल्या फ्रेमवर बरं वाटतं' ते विचारा.

खोलीचा_टोन
मी संवाद साफ करायचं काम करतो, त्यामुळे वेगळं विचारतो. या खोलीत शूटच्या वेळी ट्यूबलाइट चालू होती का? जुनी, चोकवाली?

रिकामी_मात्रा
हो. फ्रेममध्येच आहे. का?

खोलीचा_टोन
मग तुमचा अर्धा प्रश्न तिथे आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, चोक गुणगुणतो १०० वर. तुमची पांढरी ५ खर्जात ९८ वर आहे. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि बसतो. वाँव-वाँव असं नेमकं ओळखू येत नाही, नुसतं 'काहीतरी बसत नाही' असं वाटत राहतं. बाकीचे आठ क्यू बहुतेक बाहेरचे किंवा दिवसाच्या प्रकाशातले असणार, म्हणून तिथे त्रास झाला नाही.

तपासायचं असं: संवादाचा ट्रॅक एकटा ऐका, त्यावर स्पेक्ट्रम लावा. १०० आणि २०० वर बारीक सुळका दिसेल. उपाय दोन. एक, १०० आणि २०० ला अरुंद नॉच (तेवढीच कंपनं कापणारा फिल्टर). फिल्टरचा क्यू (अरुंदपणाचा आकडा) ३० च्या आसपास ठेवा, रुंद केलात तर बाईचा आवाज पातळ होतो. दोन, संगीताचा पूर्ण क्यू ३५ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढवून ट्यून करा, म्हणजे ड्रोन १०० वर येतो आणि खोलीची गुणगुण ड्रोनचाच भाग होते. सगळं सॅम्पलवर असेल तर दुसरा उपाय फुकट आहे.

स्वरपेटी_दुरुस्ती
हे भारी आहे. ड्रोन गंधारावर नेला तरी भांडण संपतं, तिथे १०० च्या जवळ काही उरत नाही.

स्ट्रिंग_सम्राट
लायब्ररीत मास्टर ट्यूनिंग असतं, एका आकड्याचं काम. म्हणून म्हणत होतो.

मंद्र_पंचम
कुठल्याही फुकट सॅम्पलरमध्ये असतं ते. लॅब्ज या सॅम्पलरचे फुकट आवाज आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, एवढ्यात होईल. रीपर ६० दिवस वापरून बघता येतो, नंतर छोट्या वापराचा परवाना ६० डॉलर.

चौकट_पंचवीस
वादक बोलवणार असाल तर धून पक्की झाल्यावरच. दोन तासांचं मानधन देऊन 'काहीतरी वाजवा' म्हणू नका. वादक त्याच्या हातात बसलेलं वाजवतो, आणि ते दहा जणांकडे आधीच गेलेलं असतं.

तारषड्ज
याबाबत सहमत. आणि सारंगी नको, फार गुळगुळीत झालीय. पेटी चालेल.

रिकामी_मात्रा
सर्वांचे आभार. ट्यूबलाइटचं खरं निघालं. १०० वर सुळका आहे, ड्रोन बंद केल्यावर पहिल्यांदाच सीन नीट ऐकू आला.

ठरवलं ते असं. लायब्ररी नाही, पेटी नाही, ड्रोनही नाही. परवा दुपारी एक क्लॅरिनेटवाला येतोय, लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. दोन तास, ५ हजार. आधी धून देणार नाही. आठ क्यूंतली मुख्य धून एकदा ऐकवणार, मग सीन आवाजाशिवाय लावून तीन टेक. क्लिक नाही.

कोथरूडची_काकू
वरात निघालीय असं वाटेल.

चौकट_पंचवीस
मी वर काय लिहिलं होतं?

दादरचा_ठेका
एका बैठकीत, बघा. म्हणालो होतो.

खोलीचा_टोन
करताच आहात तर हे बघा. बँडमधली क्लॅरिनेट बहुधा बी फ्लॅटची असते. तिच्या भाषेतला सी म्हणजे तुमचा बी फ्लॅट. तुमच्या पांढरी ५ साठी त्याला ए वरून वाजवायला सांगा. आता ३५ सेंटचा उपाय विसरा. बॅरल (तोंडाजवळचा जोड) ओढून वाद्य उतरवता येतं, इतकं चढवता येत नाही. ४४० वरच (ए = ४४० हर्ट्झ, नेहमीचं ट्यूनिंग) घ्या आणि गुणगुण नॉचने काढा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. माइक घंटेसमोर (वाद्याच्या खालच्या रुंद तोंडासमोर) नको, खालच्या बोटांच्या उंचीवर, हात-दीड हात लांब. घंटेतून फक्त सगळ्यात खालचे स्वर बाहेर येतात, बाकीचे भोकांतून.

आणि ४१ ते ५२ त्याला थांबवा. क्लॅरिनेटचा तळ १४७ हर्ट्झपासून सुरू होतो, म्हणजे खालचं सप्तक नेमकं बाईच्या आवाजावर बसतं. टेकमध्ये वाजवलंच तर मिक्समध्ये खाली ओढून भागणार नाही, शब्द जातील. त्याच्यासमोर स्क्रीनवर ४० सेकंदांला एक पांढरी पट्टी टाकून ठेवा, ती दिसली की श्वास घ्यायचा, ५२ ला गेली की पुढे.

रिकामी_मात्रा
पट्टी टाकतो. माइकचं लिहून घेतलं.

स्ट्रिंग_सम्राट
हजार रुपये उरले ना? नोव्हेंबरात सेल असतो.