अनुभव धागा: सुपरहिरो सिनेमात तुम्ही कुठे गलबललात, कुठे उखडलात?

परवा एक नवा सुपरहिरोपट पाहिला. शेवटी अर्धा तास शहर कोसळत होतं आणि मी जांभया देत होतो. घरी येऊन १९७८चा 'सुपरमॅन' लावला. लोइसच्या घरी क्लार्क (म्हणजे साध्या माणसाच्या वेशातला सुपरमॅन) चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, आवाज बदलतो; आणि लगेच घाबरून पुन्हा पोक काढतो. ख्रिस्तोफर रीव्हनं हे नुसत्या खांद्यांनी केलंय! तुमचेही असे क्षण लिहा. 'हल्लीचे सगळेच भिकार' एवढंच म्हणायचं असेल तर राहू द्या.

---

'स्पायडर-मॅन २', २००४. आगगाडी थांबवून तो बेशुद्ध पडतो आणि प्रवासी त्याला हातांवर तोलून आत घेतात. मुखवटा नाही, समोर एक पोरगेलासा चेहरा. शाळेत असताना रडलो होतो. आता पाहताना मारामारीत तो मध्येच रबरी बाहुला वाटतो, नाही असं नाही. पण डब्यातली ती माणसं आली की मी पुन्हा शाळेत.

---

मी व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमातली दृश्यं संगणकावर घडवण्याच्या कामात, काही वर्षं काढली (कंपनीचं नाव नको). दृश्य वाईट दिसलं की लोक म्हणतात, आळशीपणा केला. अहो, प्रदर्शनाची तारीख हलत नाही आणि बदल मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत येत राहतात. एका शॉटमधलं आभाळ मी नऊ वेळा बदललंय. शेवटी पहिलंच ठेवलं. 'जस्टिस लीग'मध्ये (२०१७) सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलची मिशी संगणकावर पुसली, तेव्हा सगळे हसले. मला त्या ओठावर काम करत बसलेल्यांची दया आली. इमारत थोडी चुकली तर कुणाला कळत नाही, पण वरचा ओठ जरासा चुकला की लहान मूलही ओळखतं. आपण जन्मभर चेहरेच तर वाचत असतो. आणि तिथेच भावना अडकते: नट मनापासून बोलतोय, आपण ओठ बघतोय.

---

'द डार्क नाइट' या बॅटमनपटातला ट्रक शिकागोच्या रस्त्यावर खरोखर उलटवला होता, म्हणून तो अंगावर येतो, असं मी छातीठोकपणे सांगायचो. मग २०१८ साली 'स्पायडर-व्हर्स' आला. सगळंच चितारलेलं! त्यात सुरुवातीला नवशिक्या स्पायडर-मॅनची, माइल्सची, हालचाल सेकंदाला १२ चित्रांत आणि सोबतच्या मुरलेल्या पीटरची २४ चित्रांत. पोरगं अडखळतंय हे संवादाआधीच डोळ्यांना कळतं. माझा 'खरा ट्रक' सिद्धांत तिथेच उलटा झाला.

---

'लोगन'. ज्याच्या मेंदूला जग घाबरतं, तो म्हातारा चार्ल्स. आणि त्याला उचलून अंथरुणावर ठेवणारा लोगन. वडिलांना मी दोन वर्षं असंच उचललं होतं. मानेखाली हात कसा घालायचा, हे त्या नटाला कुणी शिकवलं असेल, याचाच विचार करत बसलो. पुढचा अर्धा तास नीटसा दिसलाच नाही.

बाहेर पडताना मित्र म्हणाला, "मारामारी कसली भारी होती ना?"

हो म्हटलं.